घरच्या कॉम्प्युटरवर डिस्कचा आरसा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापुरात कॉम्प्युटर जोडून देण्याचं आणि दुरुस्तीचं माझं छोटं दुकान आहे. आठवड्यातून दोन-तीनदा तरी कुणीतरी रुमालात गुंडाळलेली हार्ड डिस्क काउंटरवर ठेवतं आणि म्हणतं, "मालक, बाकी काही नको, तेवढे फोटो काढून द्या." त्यातले बरेच जण पुढे दोन डिस्क बसवून घ्यायला येतात आणि मग तेच ते प्रश्न सुरू होतात. दर वेळी चहा सांगून निवांत समजावायला जमतंच असं नाही, म्हणून एकदाचं लिहून ठेवलं.

मिररिंग म्हणजे नेमकं काय?

कॉम्प्युटरमध्ये दोन डिस्क बसवायच्या आणि विंडोजला सांगायचं की या दोघींना एकच समज. मग 'धिस पीसी'मध्ये तुम्हाला एकच ड्राइव्ह दिसते. तीत फोटो टाकला की तो त्याच वेळी दोन्ही डिस्कवर लिहिला जातो. उद्या एक मेली तरी दुसरीवर सगळं जसंच्या तसं असतं. कॉम्प्युटर बंदही पडत नाही.

याचं तांत्रिक नाव रेड वन (RAID 1). बर्कली विद्यापीठातल्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ या तिघांनी १९८८ मध्ये एक शोधनिबंध लिहिला. एका महागड्या मोठ्या डिस्कऐवजी स्वस्तातल्या बऱ्याच डिस्क एकत्र बांधून काम कसं चालवायचं, हा त्याचा विषय. त्यात त्यांनी मांडणीच्या पाच पायऱ्या सांगितल्या. पहिली म्हणजे हा आरसा. समजायला सोपा, पण खर्चिक, कारण प्रत्येक डिस्कमागे दुसरी घ्यावी लागते.

काही पोरं यूट्यूबवर बघून 'रेड झिरो' करून आणतात, कारण दोन्ही डिस्कची जागा मिळते आणि वेगही वाढतो. त्यात फाइलचे तुकडे होऊन काही इकडे, काही तिकडे जातात. दोघींतली कुठलीही एक गेली की सगळंच गेलं. घरच्या फोटोंसाठी हे अजिबात करू नका.

"दोन डिस्क टाकल्या, म्हणजे बॅकअप झाला ना मालक?"

नाही. सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि सगळ्यात जास्त रडारड याच्याच चुकीच्या उत्तरामुळे होते.

आपली सोलापुरी चादर घ्या. नक्षी दोन्ही बाजूंनी दिसते, उलटी अंथरा नाहीतर सुलटी. पण उदबत्तीची ठिणगी पडून भोक पडलं तर ते एकाच बाजूला पडत नाही. मिररचंही तसंच. तुम्ही फोल्डर डिलीट केलं की ते दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी जातं. एक्सेलची फाइल चुकून कोरी सेव्ह केली, तर दोन्हीकडे कोरी. व्हायरसने फाइलींना कुलूप लावलं, तर दोन्हीकडे कुलूप. डिस्कला बरं-वाईट कळत नाही. सांगितलं ते लिहायचं, एवढंच तिचं काम.

चाटी गल्लीतल्या एका कापड व्यापाऱ्याकडे मीच मिरर लावून दिला होता. बारा-तेरा वर्षांचे घरगुती फोटो 'न्यू फोल्डर (३)' नावाच्या फोल्डरमध्ये. आपल्याकडे निम्म्या घरांत आयुष्यभराचा ठेवा असल्याच नावाच्या फोल्डरमध्ये असतो. दिवाळीच्या साफसफाईत मुलीने कॉम्प्युटरचीही साफसफाई काढली आणि कचरा समजून तो फोल्डर शिफ्ट दाबून डिलीट केला. दोन्ही डिस्कनी निमूटपणे ऐकलं. रिकव्हरीच्या सॉफ्टवेअरने बऱ्याच फाइली परत आल्या, पण नावं गेलेली, तारखा गेलेल्या, आणि काही फोटो अर्धेच, खालचा भाग करडा. ते गृहस्थ मला म्हणाले, "तुम्हीच म्हणाला होता ना, आता टेन्शन नाही?" तसं मी खरंच म्हटलो होतो. तेव्हापासून म्हणत नाही.

शिवाय दोन्ही डिस्क एकाच डब्यात असतात. कॅबिनेटमधला पॉवर सप्लाय बिघडून जादा व्होल्टेज गेलं तर दोघी एकदम जातात. चोर कॅबिनेट उचलून नेतो तेव्हा एक डिस्क मागे ठेवून जात नाही. पावसाळ्यात गच्चीतून झिरपलेलं पाणीही दोघींवर पडतं.

मग एवढा खर्च कशाला?

कारण डिस्क मरते, आणि मरायला ती रविवारची वाट बघत नाही. समजा तुम्ही दर रविवारी बाहेरच्या डिस्कवर कॉपी काढता आणि डिस्क शनिवारी गेली. मिरर नसेल तर सहा दिवसांचं काम गेलं. मिरर असेल तर नवी डिस्क आणेपर्यंत दुसरीवर काम चालू राहतं. मार्च एंडला ज्याने टॅलीसमोर रात्र काढली आहे त्याला याचं मोल वेगळं सांगायला नको. काम थांबू नये म्हणून मिरर, आणि मागे जाता यावं म्हणून बॅकअप. दोन्हींची कामं वेगळी.

बजेट दोनच डिस्कचं आहे. मिरर करू का?

करू नका. एक कॉम्प्युटरमध्ये ठेवा, दुसरीला यूएसबीचं कव्हर घालून कपाटात ठेवा आणि आठवड्याला कॉपी काढा. मिरर ही तिसऱ्या डिस्कनंतरची चैन आहे. यावर दुकानात माझ्याशी वाद घालणारे पुष्कळ येतात. कॉम्प्युटरमध्ये बसवलेली दुसरी डिस्क रोज काम करताना दिसते म्हणून ती पैसे वसूल झाल्यासारखी वाटते आणि कपाटातली वाया गेल्यासारखी. पण रडत येणाऱ्यांचं काम बहुतेक वेळा ती कपाटातलीच भागवते.

विंडोजमध्ये मिरर कसा लावायचा?

विंडोज ८ पासून 'स्टोरेज स्पेसेस' नावाची सोय आत आलेली आहे. १० आणि ११ च्या होम आवृत्तीतही ती चालते, वेगळं काही विकत घ्यायला नको. दोन नव्या डिस्क साटा केबलने जोडा. कंट्रोल पॅनेलमध्ये 'सिस्टिम अँड सिक्युरिटी', त्यात 'स्टोरेज स्पेसेस', तिथे नवा पूल (डिस्कचा गट) तयार करायचा पर्याय. डिस्कची यादी येते. इथे घाई करू नका. ज्या डिस्कवर खूण कराल ती पूर्ण कोरी होणार आहे. जुनी, फोटोंनी भरलेली डिस्क 'आरशात घेतो' म्हणून खूण करणारे दोघे तरी माझ्या ओळखीत आहेत. जुना डेटा आधी तिसरीकडे काढा, मग पूल, मग डेटा परत आत.

पुढच्या पानावर 'रेझिलिअन्सी टाइप' विचारतात, तिथे 'टू-वे मिरर'. फाइल सिस्टिम एनटीएफएस. साइजच्या चौकटीत मात्र जपून. खऱ्या जागेपेक्षा मोठा आकडाही विंडोज मुकाट्याने घेतं, कारण पुढे डिस्क वाढवाल असं ते धरून चालतं. मग ड्राइव्हवर जागा शिल्लक दिसते, पण खालचा पूल भरलेला असतो आणि एक दिवस ड्राइव्ह अचानक गायब होते. चार टीबीच्या दोन डिस्क असतील तर आरशात जागा चारचीच मिळणार. तेवढाच आकडा ठेवा.

'डिस्क मॅनेजमेंट'मध्येही मिरर्ड व्हॉल्यूमचा पर्याय दिसतो. ती डायनॅमिक डिस्कची जुनी पद्धत आहे, होम आवृत्तीत मिळत नाही, आणि मायक्रोसॉफ्टनेही ती आता मागे टाकली आहे. तिकडे जाऊ नका.

आता खरी गोम. मिरर लावला, ई ड्राइव्ह तयार झाली, सगळे खूश. पण माणूस फाइल सेव्ह करतो डेस्कटॉपवर, आणि डेस्कटॉप असतो सी ड्राइव्हवर, म्हणजे आरशाच्या बाहेर. म्हणून डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स या प्रत्येक फोल्डरवर राइट क्लिक करून 'प्रॉपर्टीज'मध्ये 'लोकेशन' टॅबवर जा आणि ते फोल्डर नव्या ड्राइव्हवर हलवा. पाच मिनिटांचं काम आहे. हे न करता दिलेला मिरर म्हणजे कुलूप आणलं पण कोयंडाच नाही.

खुद्द विंडोज मिररवर नको. ते साध्या एसएसडीवर राहू द्या. गेलं तर दोन तासांत नवं टाकता येतं.

मदरबोर्डमध्येच रेडची सोय आहे. ती का नको?

चालते, पण मी घरासाठी टाळतो. आपल्याकडे रात्री मेन स्विच बंद करून झोपायची सवय. त्यामुळे बोर्डवरचा नाण्याएवढा सेल लवकर उतरतो. सेल उतरला की बायोसची (बोर्डच्या आतल्या मूळ प्रोग्रामची) सेटिंग मूळ पदावर येते, डिस्क जोडणीचा मोड रेडवरून साध्या एएचसीआयवर जातो, आणि सकाळी कॉम्प्युटर म्हणतो, कसली रेड, कुठली रेड. डेटा जागेवरच असतो, पण तेवढ्यात कुणी घाबरून 'इनिशियलाइज' वर बोट दाबलं तर संपलं. शिवाय बोर्ड जळला तर त्याच जातीचा बोर्ड शोधत फिरावं लागतं. स्टोरेज स्पेसेसच्या दोन्ही डिस्क काढून दुसऱ्या विंडोज १० किंवा ११ च्या मशीनला लावल्या की पूल ओळखला जातो. लावताना दोन्ही सोबतच लावा.

लिनक्सवर?

लिनक्सवाल्यांना सहसा मला विचारावं लागत नाही. एमडीएडीएम (mdadm) हे साधन वर्षानुवर्षं भरवशाचं आहे. मिररची स्थिती सांगणारी एमडीस्टॅट फाइल उघडल्यावर चौकोनी कंसात दोन 'यू' दिसले की दोघी जिवंत. एका यूच्या जागी नुसती आडवी रेघ आली की एक पडली.

झेडएफएस किंवा बीटीआरएफएस वापरत असाल तर आणखी एक फायदा आहे. साध्या मिररमध्ये दोन डिस्कवरच्या प्रती वेगळ्या निघाल्या, तर खरी कोणती हे त्याला ठरवता येत नाही. या दोन फाइल सिस्टिम प्रत्येक तुकड्यासोबत त्याची पडताळणीची बेरीज लिहून ठेवतात. त्यामुळे सडलेली प्रत कोणती ते कळतं आणि चांगल्या प्रतीवरून ती दुरुस्तही होते. महिन्यातून एकदा 'स्क्रब', म्हणजे सगळ्या प्रतींची तपासणी, चालवायची, बस.

दोन्ही डिस्क एकाच कंपनीच्या हव्यात का?

उलट, नसाव्यात. माप सारखं हवं, कारण जागा लहान डिस्कइतकीच मिळते. पण एकाच खोक्यातल्या, एकाच लॉटच्या दोन डिस्क घेतल्या तर दोघींवर भारही सारखा, वयही सारखं आणि कारखान्यातला दोषही सारखा. पहिली मेल्यावर दुसरीवरून नवीवर सगळं उतरवताना तिला तासन्तास सलग पळावं लागतं. चार टीबीची डिस्क सेकंदाला दीडशे एमबीच्या वेगाने वाचली तरी साडेसात तास. म्हातारीला नेमकं तेव्हाच धावायला लावायचं असतं. म्हणून एक या कंपनीची, एक त्या कंपनीची, किंवा दोघींच्या खरेदीत दोन-चार महिन्यांचं अंतर.

विकत घेताना 'सीएमआर' (डेटाच्या रेघा सुट्या-सुट्या लिहिणारी) डिस्क आहे का ते विचारा. 'एसएमआर' प्रकारात छपरावरच्या कौलांसारख्या डेटाच्या रेघा एकमेकींवर चढवलेल्या असतात. त्यामुळे एक रेघ बदलायची तर शेजारच्याही पुन्हा लिहाव्या लागतात. कपाटातल्या बॅकअपला ती चालते. आरशात मात्र पुन्हा भरताना जीव खाते.

चार टीबीची डिस्क ३.६३ दाखवते. फसवलं का?

नाही. कंपनी हजाराने मोजते, विंडोज १०२४ ने. दोघांचा हिशेब बरोबर, माप वेगळं.

आपल्याकडच्या उन्हाळ्यात डिस्क टिकते का?

टिकते, पण तिला श्वास घेऊ द्या. एप्रिल-मेमध्ये सोलापूर चाळिशीच्या वर असतं. पत्र्याखालच्या खोलीत संध्याकाळी सहालाही भिंत हाताला गरम लागते. त्यात कॉम्प्युटर टेबलाच्या खालच्या कप्प्यात कॅबिनेट कोंबलेलं, मागे भिंत, पुढे दार. आत दोन डिस्क एकावर एक चिकटवलेल्या. बहुतेक हार्ड डिस्कची मर्यादा ६० अंशांची असते, पण तिथपर्यंत जाऊच देऊ नये. 'क्रिस्टलडिस्कइन्फो' हे फुकटातलं सॉफ्टवेअर टाका, तापमान समोर दिसतं. पंचेचाळीसपर्यंत मी निर्धास्त असतो. पन्नास दिसले की कप्प्याचं दार काढून ठेवायला सांगतो. दोन डिस्कच्या मध्ये एक खण रिकामा सोडा आणि समोर एक पंखा लावा. तेवढ्यानेच फरक पडतो.

पूर्व भागात यंत्रमागाला लागून घर असेल तर आणखी एक त्रास. कापसाचे तंतू पंख्याच्या पात्यांवर आणि जाळीवर असे बसतात की कॅबिनेट उघडल्यावर आत गोधडी शिवायला घेतल्यासारखं दिसतं. वर्षातून दोनदा ब्लोअर मारा, एकदा दिवाळीनंतर, एकदा उन्हाळ्याआधी. मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा. त्याला गरगर फिरू देऊ नका.

लाइट जाते त्याचं काय?

नुसता मिरर आहे आणि यूपीएस नाही, असं गिऱ्हाईक आलं की मी आधी यूपीएस विकतो. लिहिता लिहिता वीज गेली तर एका डिस्कवर लिहून झालेलं असतं, दुसरीवर नाही. वीज आल्यावर सिस्टिमला दोघींची जुळवाजुळव करत बसावं लागतं. रोज हे झालं तर डिस्क आरशाचं काम कमी आणि जुळवाजुळवच जास्त करते. साधा ६०० व्हीएचा यूपीएस फाइल सेव्ह करून मशीन नीट बंद करण्यापुरता पुरतो. तो घेऊन अर्धा तास सिनेमा बघायचा नसतो.

घरात इन्व्हर्टर आहे म्हणून यूपीएस नको म्हणणाऱ्यांनी इन्व्हर्टरच्या मागचं बटण बघावं. ते 'यूपीएस मोड'वर नसेल तर लाइट गेल्यावर पंखा फिरत राहतो, पण कॉम्प्युटर रीस्टार्ट होतो.

एक डिस्क मेली तर मला कळेल ना?

कळेल असं तुम्हाला वाटतं. मलाही वाटायचं.

माझ्या घरच्या मशीनवर मदरबोर्डचा मिरर होता. अंगणवाडीपासूनचे मुलीचे फोटो, आईने म्हटलेल्या ओव्यांचं रेकॉर्डिंग, सिद्धेश्वर यात्रेतले नंदीध्वजांचे व्हिडिओ, सगळं त्यावर. एका उन्हाळ्यात मशीन अडकायला लागलं आणि आतून टक... टक... टक असा आवाज येऊ लागला. हेड जागा शोधतंय आणि सापडत नाही, त्याचा हा आवाज. धंदाच हा असल्यामुळे ओळखायला क्षणही लागला नाही, आणि घाबरलोही नाही. दुसरी आहे ना. ती मेलेली डिस्क काढली, दुसरीवरून मशीन सुरू केलं. सगळं सुरळीत चालू. फोटो उघडले. शेवटचा फोटो दिवाळीच्या फराळाचा. त्यानंतर काहीच नाही.

ती दुसरी डिस्क सात महिन्यांपूर्वीच आरशातून बाहेर पडली होती. डिस्क खणखणीत होती. साटाची केबल तेवढी सैल झाली होती, कधीतरी साफ करताना धक्का लागला असणार. मशीन रोज सुरू होताना काळ्या स्क्रीनवर लाल अक्षरांत 'डिग्रेडेड' असं लिहून सांगत होतं, दोन सेकंद. आणि माझा मॉनिटर जागा व्हायला तीन सेकंद घ्यायचा. सात महिने रोज सांगितलेलं मी एकदाही बघितलं नाही.

त्या सात महिन्यांत मुलीचा साखरपुडा झाला होता. फोटो नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅपवरून गोळा केले. व्हॉट्सअ‍ॅपने दाबून लहान केलेले, त्यामुळे अंगठी घालतानाच्या फोटोत अंगठी म्हणजे नुसता पिवळा ठिपका.

तेव्हापासून दर महिन्याच्या एक तारखेला मोबाइलवर आठवण लावली आहे. स्टोरेज स्पेसेसचं पान उघडायचं, दोन्ही डिस्कसमोर 'ओके' आहे का बघायचं. मग क्रिस्टलडिस्कइन्फो. त्यात 'रिअ‍ॅलोकेटेड सेक्टर' आणि 'करंट पेंडिंग सेक्टर' या दोन ओळी महत्त्वाच्या. पहिली सांगते डिस्कने किती खराब जागा आधीच बदलून घेतल्या, दुसरी सांगते किती जागा वाचताना ती अडखळते आहे. शून्य असेल तर ठीक. आकडा आहे पण महिनोन्‌महिने तोच आहे, तर लक्ष ठेवा. आकडा वाढतोय, तर नवी डिस्क मागवा, मग भले वर निळ्या चौकटीत 'गुड' का लिहिलेलं असेना.

मेलेली डिस्क बदलताना काय सांभाळायचं?

चुकीची डिस्क काढू नका, हे. हसू नका. दोन सारख्या दिसणाऱ्या डिस्क, रात्रीचे अकरा, हातात टॉर्च, आणि माणूस जिवंत डिस्क काढून मोकळा होतो. म्हणून बसवतानाच दोन्हींच्या सीरियल नंबरचे शेवटचे चार आकडे चिकटपट्टीवर मार्करने लिहून बाहेरून दिसतील असे लावा. विंडोज आणि क्रिस्टलडिस्कइन्फो दोन्ही सीरियल नंबर दाखवतात. जुळवा, मगच स्क्रू सोडा.

त्याहीआधी राहिलेल्या डिस्कवरून महत्त्वाचं तेवढं बाहेरच्या डिस्कवर काढून घ्या. मग नवी पूलमध्ये घाला आणि जुळणी पूर्ण होऊ द्या. नंतरच मेलेलीला यादीतून काढा. आणि नवी घेण्याआधी एकदा केबल बदलून बघा. माझं उदाहरण वर आहेच.

तिसरी डिस्क कुठे ठेवायची?

घराबाहेर. फोटोग्राफर पीटर क्रोग यांनी रूढ केलेला ३-२-१ चा हिशेब सोपा आहे: डेटाच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक दुसऱ्या ठिकाणी. माझ्याकडे दोन पोर्टेबल डिस्क आहेत. एक घरच्या कपाटात, एक अक्कलकोटला बहिणीकडे, साधारण चाळीस किलोमीटरवर. पौर्णिमेला दर्शनाला गेलो की घरची तिच्याकडे ठेवतो आणि तिच्याकडची घेऊन येतो. स्वामींच्या कृपेने बॅकअपला खाडा होत नाही. तुमचा मुलगा पुण्यात असेल तर हुतात्मा एक्स्प्रेसने येता-जाता हेच होईल. फक्त डिस्कवर पासवर्ड टाका. विंडोज प्रोमध्ये बिटलॉकर आहे, होमवाल्यांनी व्हेराक्रिप्ट वापरावं. आणि तो पासवर्ड कागदावर लिहून दागिन्यांच्या डब्यात ठेवा. विसरलेल्या पासवर्डची डिस्क मी उघडून देऊ शकत नाही. कुणीच देऊ शकत नाही.

कॉपीसाठी विंडोजमधलं 'फाइल हिस्टरी' घरासाठी पुरतं. ते फाइलच्या जुन्या आवृत्त्याही ठेवतं, म्हणजे कोरी सेव्ह झालेली एक्सेल गेल्या आठवड्याच्या रूपात परत मिळते. काही जण रोबोकॉपी ही विंडोजमधली कॉपीची कमांड वापरतात. त्यातला 'मिर' हा पर्याय जपून वापरा, कारण इकडचं डिलीट तो तिकडेही डिलीट करतो. परत आरसाच झाला. टॅलीचा डेटा कॉपी करताना आधी टॅली बंद करा.

व्हायरसने बॅकअपही धरला तर?

डिस्क जोडलेली असेल तर धरेल. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' जगभर पसरला तेव्हा ज्यांची बाहेरची डिस्क कायम यूएसबीला लटकलेली होती त्यांच्या त्याही फाइली कुलूपबंद झाल्या. कॉपी झाली की डिस्क काढा. यात दुसरं शहाणपण नाही.

गुगलवर सगळं आपोआप जातंय की.

जातंय, आणि जाऊ द्या. घराबाहेरची एक प्रत म्हणून ते चांगलंच. पण तो १५ जीबीचा फुकटचा कोटा आता फोटो, मेल आणि ड्राइव्ह मिळून आहे. फोटोंची अमर्याद सोय १ जून २०२१ पासून बंद झाली. भरलं की बॅकअप थांबतो आणि त्याची सूचना आपण बाकीच्या सूचनांसारखी डावीकडे सरकवून टाकतो. शिवाय सिंक म्हणजेही आरसाच. मोबाइलमधल्या गुगल फोटोजमधून फोटो उडवला की क्लाउडवरूनही जातो. कचरापेटीत काही दिवस राहतो, एवढंच. फक्त 'मोबाइलमध्ये जागा करायची होती' म्हणून उडवणाऱ्यांना हे उशिरा कळतं.

लॅपटॉप आहे, दुसरी डिस्क बसत नाही.

मग मिररचा विषय सोडा, दोन पोर्टेबल डिस्क घ्या. घरात तीन-चार लॅपटॉप असतील तर दोन खणांचा एनएएस घेता येईल. तो म्हणजे वायफायच्या राउटरला जोडलेला छोटा डबा. आत दोन डिस्क, मिरर तोच लावतो, आणि डिस्क गेली की शिट्टी वाजवून सांगतो. ती शिट्टी ऐकून घरचे 'तो डबा बंद कर' म्हणतात, तेव्हा बंद करू नका.

मिररवर मिरर, बॅकअपवर बॅकअप. पण फाइलच उघडत नाही.

हे छापखानेवाल्यांचं दुखणं. लग्नपत्रिकांच्या वीस वर्षांपूर्वीच्या पेजमेकरच्या (पानं जुळवायच्या जुन्या सॉफ्टवेअरच्या) फाइली डिस्कवर अगदी शाबूत आहेत. पण तो पेजमेकर नाही, तो श्रीलिपीचा फॉन्ट नाही, आणि 'चि. सौ. कां.'च्या जागी स्क्रीनवर इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसतो. जुनी फाइल जपायची तर सोबत तिचा फॉन्ट जपा आणि एक पीडीएफ काढून ठेवा. सातबाराचे स्कॅन, मार्कशीट, इन्शुरन्सचे कागद यांचंही तेच. पीडीएफमध्ये ठेवा, फाइलला नाव द्या. 'स्कॅन००४७' हे नाव नव्हे.

डिस्क मेली. फ्रीजमध्ये ठेवली तर चालू होते म्हणतात.

ठेवू नका. बाहेर काढल्यावर आत दव धरतं आणि उरलंसुरलं जातं. टकटक आवाज येत असेल तर पुन्हा पुन्हा चालू करून बघू नका. प्रत्येक वेळी हेड तबकडी खरवडत असू शकतं. उघडूही नका. ते काम धूळमुक्त खोलीत होतं. माझ्याकडे ती नाही, म्हणून अशी डिस्क मी रिकव्हरीच्या लॅबकडे पाठवतो. खर्च ऐकून बहुतेक जण डिस्क परत रुमालात गुंडाळतात.

बॅकअप नीट आहे हे कसं कळणार?

त्यातली फाइल उघडून. दर दोन महिन्यांनी कपाटातली डिस्क दुसऱ्याच कुठल्यातरी कॉम्प्युटरला लावायची, कुठलेही दहा फोटो, एक व्हिडिओ, एक पीडीएफ उघडायची. व्हिडिओ मध्यावर नेऊन चालवायचा. फोल्डरचं नाव दिसलं म्हणून आत सगळं असतंच असं नाही. आमच्या घरी हे काम बायकोकडे आहे. ती जुने फोटो बघत बसते आणि माझी तपासणी आपोआप होते.

आरशातून काढलेली जुनी डिस्क भंगारात देऊ का?

तशीच देऊ नका. लोकांना वाटतं, जोडीतली एकटी डिस्क म्हणजे अर्धा डेटा. पण ती अर्धी नसते. मिररमधल्या प्रत्येक डिस्कवर तुमचं सगळं पूर्ण असतं, आधार कार्डापासून बँकेच्या पासबुकापर्यंत. क्विक फॉरमॅटने ते पुसलं जात नाही, फक्त अनुक्रमणिका फाडली जाते. डिस्क चालू असेल तर विंडोजच्या डिस्कपार्ट या कमांडमधलं 'क्लीन ऑल' चालवा. ते शेवटपर्यंत शून्य लिहीत जातं, रात्रभर लागेल. त्याआधी डिस्कचा क्रमांक दोनदा तपासा, कारण इथे चुकीला माफी नाही. डिस्क बंद पडलेली असेल तर दुकानात घेऊन या. ड्रिल मशीन आहे, तबकडीच्या आरपार दोन भोकं पाडून देतो. त्याचे पैसे घेत नाही.